वर कोण, खाली कोण

कुस्को

पेरूतलं दगडांचं शहर. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांच्या त्या प्रसिद्ध दगडापुढे फोटोसाठी ही गर्दी! मी पुढे सटकले. त्यापेक्षा ‘कोरिकांचा’ हे ठिकाण आवडलं. इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ चढवला. १९५०च्या भूकंपात मठाची पडझड झाली, इंकांच्या भिंती मात्र टिकल्या. हे सांगताना गाइडचा चेहरा असा फुलला, जणू भूकंप त्याच्याच बाजूचा होता. बाकी शहर पर्यटकांना फारच सरावलेलं वाटलं. ३४०० मीटरवर डोकं ठणकतं, इथे त्याला ‘सोरोचे’ म्हणतात. कोकाच्या पानांचा चहा प्यायले, चव वाळक्या गवताची. रात्री झोपेतून दोनदा धाप लागून उठले.

ला पाझ

बोलिव्हिया. विमानतळ एल आल्तो या वरच्या जोडशहरात, म्हणजे ४००० मीटरच्याही वर, पठाराच्या कडेला. तिथून रस्ता वळतो आणि अख्खं शहर खाली एका प्रचंड वाडग्यात सांडल्यासारखं दिसतं, मागे इयिमानी शिखराचं बर्फ. घरं उतारावर थेट कडेपर्यंत चढत गेलेली, बहुतेक गिलाव्याविना, उघड्या विटांची.

आज दिवसभर केबल कारनेच फिरले. २०१४ साली सुरू झालेली ही इथली मेट्रोच म्हणायची. तिकीट तीन बोलिव्हियानो. लाल लाईन मोठ्या दफनभूमीवरून जाते. खाली मृतांचे कप्पे मजल्यांवर मजले रचलेले, जागेची टंचाई तिथेही. माझ्या डब्यात गोल हॅट आणि घेरदार पोयेरा, म्हणजे इथला परकर, घातलेली एक बाई बटाट्याचं पोतं मांडीशी धरून मोबाईलवर आयमारा भाषेत जोरजोरात भांडत होती. मला डोंगर बघायचे होते, पण मी तिच्याकडेच बघत राहिले.

मग पिवळी लाईन, पुढे हिरवी, थेट इर्पावीपर्यंत. आठ-नऊशे मीटरची उतरण. खाली येता येता हवा उबदार होते, श्वास मोकळा होतो. विटांच्या जागी काचा येतात, कुंपणं येतात, पोहण्याचे तलाव येतात. या शहरात पैसा खाली राहतो. थंडी आणि वारा वरच्यांच्या वाट्याला. मलबार हिलवर वाढलेल्याला हे उलटं वाटेल. घाटकोपरच्या टेकडीवर हंडे चढवलेल्याला मुळीच नाही.

पण हा हिशेब इतका सरळही नाही. एल आल्तोत मध्येच भडक हिरवी-नारिंगी इमारत उभी दिसते, अंतराळयानासारखी. फ्रेडी मामानी या आयमारा, म्हणजे इथल्या मूळ समाजातल्या, वास्तुरचनाकाराने ही शैली रुजवली. खाली दुकानं, वर लग्नासाठी भाड्याने द्यायचा झुंबरांचा हॉल, सगळ्यात वर मालकाचं घर. मालक आयमारा व्यापारी, आणि पैसा आला तरी खाली जायची त्याला घाई नाही. १९८०च्या दशकात ला पाझपासून वेगळं झालेलं हे शहर आज लोकसंख्येत त्याच्या पुढे आहे.

आणि पाणी. जवळच्या चाकाल्ताया डोंगरावरची हिमनदी २००९ साली संपली. एकेकाळी तिथे लोक स्कीइंग करत. २०१६च्या नोव्हेंबरात धरणं आटली तेव्हा नळ कोरडे पडले ते प्रामुख्याने दक्षिणेकडच्या, त्या श्रीमंत वस्त्यांचे. एल आल्तोचं पाणी दुसरीकडून येतं, तिथे झळ कमी बसली. घरमालकीण हे सांगताना हसली. ती वर राहते.

पोतोसी

पुन्हा ४००० मीटर, आणि इथे माणसं इतक्या उंचीवर राहिली ती केवळ चांदीसाठी. समोर सेरो रिको हा डोंगर, तांबूस, पोखरलेला. १५४५ साली चांदी सापडली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी या ओसाड डोंगरापाशी दीड लाखांच्या आसपास वस्ती होती. आदिवासी गावांमधून पाळीपाळीने सक्तीचे मजूर आणले जात. त्या पद्धतीचं नाव मिता.

टांकसाळीत चांदीचे पत्रे लाटायची भलीमोठी लाकडी यंत्रं आहेत. ती फिरवायला खालच्या मजल्यावर खेचरं जुंपलेली असत. त्या काळोख्या मजल्यावर मी बराच वेळ थांबले. इथली चांदी युरोपमार्गे सुरतेलाही पोचत होती, तिथे वितळून मोगलांचे रुपये पडत. म्हणजे १६६४ साली महाराजांनी सुरतेहून आणलेल्या लुटीत या डोंगराचाही थोडा अंश असणार. हा माझा तर्क, पण मला तो सोडवत नाही.

खाणीची सहल घेतली नाही. आत अजूनही माणसं खणताहेत. तिकीट काढून त्यांची मेहनत बघायला जाणं मला पटेना. सहली नेणाऱ्या माणसाला तसं सांगितलं. तो पूर्वी स्वतः खाणकामगार होता. राग वगैरे काही नाही, हिशेब सांगावा तसं म्हणाला, “तुमच्यासारखे लोक तिकीट काढतात, म्हणून मी आज बाहेर आहे, सेन्योरा.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी गेले नाहीच. उद्या सुक्रेची बस, हजारेक मीटर खाली. झोप लागेल असं वाटतंय.