दुसऱ्याच्या सागाला चुन्याची खूण

फेब्रुवारी, रविवार रात्र

आज शेजारच्या मामाजींच्या आणि माझ्या रानामधली जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळी केलेली पट्टी, काढून झाली. वन खात्याच्या हिशेबाने वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो. त्याआधी गटातल्या सगळ्यांच्या रेषा व्हायच्या असं दिवाळीनंतर बसलो तेव्हाच ठरलं होतं. आज शेवटची झाली. खांदे भरून आलेत, तरी झोपण्याआधी लिहून ठेवते. दुपारी जेवताना जे बोलणं झालं ते तसंच राहून जायला नको.

आमचा गट म्हणजे पारशिवनीकडची वीसेक घरं. कुणाचा एकरभर साग, कुणाची बांधावर शे-दीडशे झाडं, गुरुजींचं नाल्याकाठचं मानवेल बांबूचं बन, काकींची वाडवडलांपासूनची मोहाची झाडं. निम्मे गावातच राहतात; निम्मे माझ्यासारखे, नागपुरात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी कन्हानचा पूल ओलांडून रानात. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष-सचिव नाहीत. कुणाकडे काम निघालं की बाकीचे जातात.

मोठं जंगल आमच्यापैकी कुणाचंच नाही. या भागातली मालगुजारांची, म्हणजे जुन्या जमीनदारांची, जंगलं मालगुजारी रद्द करणाऱ्या १९५०च्या कायद्यानंतर सरकारकडे गेली. आज आमच्या नावावर जे उभं आहे ते, काकींचे मोह सोडले तर, माणसांनी हाताने लावलेलं आहे, बरंचसं नव्वदच्या दशकातलं. बाबांनीही तेव्हाच लावला. दोन मीटरवर ओळ, दोन मीटरवर झाड, म्हणजे एकराला हजार रोपं. ते गेले आणि साग माझ्याकडे आला.

सकाळी दव असेतोवर पाला मऊ असतो. सागाचं पान हातभर लांब. जानेवारीपासून गळायला लागतं आणि आत्ता जमीन दिसत नाही इतका थर साचलाय. दहा वाजले, ऊन आलं की हाच पाला पायाखाली करकर वाजतो. म्हणून उजाडताच सुरुवात. तीन-चार मीटर रुंदीची पट्टी धरायची, दोन्ही बाजूंचा पाला दाताळ्याने ओढून मधोमध आणायचा, गवत मुळाशी कापायचं, माती उघडी करायची. मधला पाला संध्याकाळी वारा पडल्यावर जाळला. एका अंगाला चौघं, दुसऱ्या अंगाला चौघं, हातात निंबाच्या हिरव्या डहाळ्या, आणि दोन पोरांच्या पाठीवर फवारणीचे पंप, साध्या पाण्याने भरलेले. आग कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही. गेली की डहाळी आपटायची नाही, दाबायची. आपटली की ठिणग्या उडतात. हे मला मामाजींनी शिकवलं आणि आज मी एका नव्या पोराला सांगितलं.

साग वणव्याने सहसा मरत नाही, पुन्हा फुटतो. म्हणून पुष्कळांना वाटतं, जळलं तर जळलं. पण बुंध्याशी साल भाजली की तिथून बुरशी आणि किडे आत शिरतात, वरून झाड धडधाकट दिसत राहतं, आणि तोडलं की खालचा नग, म्हणजे ओंडका, पोकळ निघतो. भाव तर खालच्या नगालाच सगळ्यात जास्त. कुणाच्या तरी एका दुपारच्या निष्काळजीपणाची किंमत पंधरा-वीस वर्षांनी दुसराच माणूस मोजतो.

आग बहुतेक वेळा माणसाचीच असते. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, आणि तो पाल्यात हरवू नये म्हणून वेचणारे आधी पाला पेटवतात. आग मागे राहते, माणसं घरी जातात, वारा तिला बांधावरून पलीकडे नेतो. वेचणाऱ्यांवर चिडून उपयोग नाही. त्या फुलांवर त्यांचं दोन महिन्यांचं मीठ-तेल चालतं. आमच्या काकी स्वतः मोह वेचतात, त्यामुळे हे बोलणं त्यांनीच अंगावर घेतलं. त्या टोल्यावरच्या, म्हणजे मोह वेचणाऱ्यांच्या वस्तीवरच्या, बायकांकडे जाऊन बसल्या. ठरलं असं की पाला झाडून काढायचा, जुनी लुगडी जोडून झाडाखाली अंथरायची, आणि त्या बदल्यात आमच्या सगळ्यांच्या बांधावरचा मोह त्यांनी वेचायचा, कुणी अडवायचं नाही. माझं मत स्पष्ट आहे: आमच्या साऱ्या जाळरेषांनी मिळून जेवढं रान वाचवलं असेल त्याहून जास्त काकींच्या त्या एका बसण्याने वाचवलं. ज्यांची जमीन नाही, तेही या रानाचे सोबती आहेत. ते धरल्याशिवाय आमचा गट अर्धाच राहील.

दुपारच्या आधी विरळणीच्या, म्हणजे कोणती झाडं काढायची त्याच्या, खुणा करायला गेलो, नव्याने गटात आलेल्या एका जोडप्याच्या रानात. पानगळीत शेंडे मोकळे दिसतात, म्हणून हे काम याच दिवसांत. साग दाट लावतात तो सरळ वर जावा म्हणून. पण पुढे जागा करून दिली नाही तर सगळीच झाडं उपाशी राहतात. माझ्या रानाला लागून एक तुकडा आहे, तिथे विरळणी कधी झालीच नाही. आमच्याच वयाचा साग, आणि अजून बल्लीच्या, म्हणजे बारीक वाशाच्या, मापाचा.

गटाचा एक नियम आहे: आपल्या रानात आपण खूण करायची नाही. शेजाऱ्याने करायची. मामाजींनी पाडलेली पद्धत. आजही त्या नव्या सूनबाई चुन्याचा डबा हातात घेऊन पुढे झाल्या, तर मामाजींनी डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, आपण लावलेल्या झाडाले हात लावाले जीव होत नाही. सरळ झाड ठेवाचं, वाकडं काढाचं, हे समजते सगळ्याईले. पण वाकडं असलं तरी आपलंच वाटते न. तू थांब अथी, हे पाहून घेते."

मला आमच्या रानातली पहिली विरळणी आठवली. मामाजी, गुरुजी आणि अजून दोघं खुणा करत होते आणि बाबा विहिरीपाशी पाठ करून बसले होते. कुणी त्यांना बोलावलं नाही. काम संपल्यावर गुरुजींनी नुसती यादी हातात दिली आणि बाबांनी ती न वाचता खिशात ठेवली. आज त्या रानात जे जाड बुंधे उभे आहेत, ते त्या यादीमुळे. स्वतःच्या मुलाला परीक्षेत बसवून स्वतःच पेपर तपासू नये, तसंच आहे हे.

खूण करताना बुंध्याकडे बघून ठरवायचं नाही, मान वर करून शेंड्याकडे बघायचं. शेंडा मोडलेलं, दुबेळकं (दोन फाटे फुटलेलं), शेजारच्याच्या छत्राखाली दबलेलं, ते आधी. दोन्ही सारखीच चांगली असली तर पंचाईत. मग दोघातिघांनी चारही बाजूंनी फिरून ठरवायचं. आज एका जोडीपाशी बराच वेळ गेला. शेवटी गुरुजींनी एकाच्या सालीवर बोट ठेवलं: छातीच्या उंचीवर भुशाचा बारीक ओघळ, आत अळी. खूण त्याला. त्या पोरीचा चेहरा पडला होता, पण कुणी तिला समजवायला गेलं नाही. काकींनी पाण्याचा तांब्या दिला, बस.

खूण झाली म्हणजे लगेच कुऱ्हाड नाही. साग आपल्या शेतात, आपण लावलेला असला तरी १९६४च्या वृक्षतोड कायद्याने तोडायला परवानगी लागते. सातबारा, हद्दीची मोजणी, झाडांची गणती, मग तोड. तोडलेल्या नगावर हातोड्याचा छाप, आणि तो रस्त्यावर आणायचा तर वाहतूक परवाना. बांबूचं सोपं झालं. नोव्हेंबर २०१७मध्ये वटहुकूम निघाला आणि १९२७च्या वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू वगळला गेला. त्या वर्षी बनातून बांबू काढला तेव्हा गुरुजी सगळ्यांना बोलावून वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी करू म्हणाले होते. ती अर्थात कोंब येतात तेव्हा, पावसाळ्यातच झाली.

जेवण मामाजींच्या विहिरीपाशी. रोडगे आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांचा जगरा (विस्तव) नांगरलेल्या उघड्या शेतात, सागापासून लांब, शेजारी पाण्याचा ड्रम. कणीक जाडसर दळलेली, रोडगे निखाऱ्यात पुरलेले. बाहेर काढून राख झटकली, मुठीने फोडले की आतून वाफ, त्यावर तूप. वांग्याच्या भाजीला काकींचा हात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, आणि बांधावरच्या पळसाला नुकत्या काळ्या कळ्या धरलेल्या.

तिथेच ते बोलणं निघालं. त्या जोडप्याकडे मागच्या महिन्यात कुणी व्यापारी येऊन गेला होता. उभ्या सागाचा भाव सांगून गेला, घनफुटाला इतके. चांगला वाटला म्हणाले. गुरुजींनी विचारलं, "कोणत्या घनफुटाले?" त्या मुलाला प्रश्नच कळला नाही. मग गुरुजींनी काडी घेतली आणि राखेत हिशेब मांडला.

समजा नगाचा मधला घेर ३६ इंच, लांबी १० फूट. व्यापारात चौथाई घेराचा हिशेब चालतो. घेराचा चौथा हिस्सा ९ इंच, त्याचा वर्ग ८१, त्याला १४४ने भागायचं आणि १० फुटांनी गुणायचं, आले ५.६ घनफूट. आता तोच नग खरा गोल धरून मोजा. ७.१६ घनफूट. म्हणजे चौथाईत पाचव्या हिश्श्याहून जास्त लाकूड मोजण्यात येतच नाही. यात फसवणूक नाही. जुनी रीत आहे, भावही त्याच घनफुटाचा बोलला जातो. पण भाव एका हिशेबाचा आणि मोजणी दुसऱ्या हिशेबाची झाली, तर शेतकऱ्याला कळतही नाही. पुन्हा घेर सालीवरून की साल काढून? सरकारी डेपोत घनमीटर, एका घनमीटरचे ३५.३ घनफूट. हे आधी बोलून घ्यायचं, झाड पडल्यावर नाही. त्या मुलाने राखेतले आकडे मोबाईलमध्ये टिपून घेतले आणि बायकोला तेच गणित स्वतः करून दाखवलं.

मला तेव्हा वाटलं ते हे. ज्वारी पिकवणारा दर वर्षी बाजारात जातो. एका वर्षी ठकला तर पुढच्या वर्षी शहाणा होऊन जातो. साग लावणारा आयुष्यात एकदा विकतो, फार तर दोनदा. घेणारा दर आठवड्याला घेतो. आपल्याला अनुभव येतो तोवर विकायला झाड उरलेलं नसतं. बाबांना विकायची वेळच आली नाही. त्यांचा सगळा अनुभव लावण्याचा आणि राखण्याचा. विकण्याचा अनुभव मामाजींकडे, परवानगीच्या कागदांचा गुरुजींकडे, आगीचा काकींकडे. एका घरात हे सगळं कधीच साठू शकत नाही, एका आयुष्यात तर नाहीच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यांचं जंगल सामाईक, आमचं ज्याचं त्याचं, कायदाही वेगळा. पण निर्णय बसून घ्यायचा, ही गोष्ट आम्ही तिथल्या लोकांकडे बघूनच शिकलो.

मी म्हटलं, वही करू या. जो कुणी विकेल त्याने लिहायचं: झाडाचं वय, छातीच्या उंचीवरचा घेर, नगाची लांबी, मोजणी कोणत्या पद्धतीने, भाव किती ठरला, हातात किती आला, कोणत्या कागदाला किती दिवस लागले. व्यापाऱ्याचं नाव नको, भांडणं नकोत, फक्त आकडे. मामाजी आधी गप्प राहिले. हातात किती आलं हे गावात कुणी कुणाला सांगत नाही. मग त्यांनीच आपली आधीची विक्री सांगायला सुरुवात केली, आणि मी पत्रावळ बाजूला सारून लिहायला घेतलं. त्यांचा आकडा ऐकून दोघंतिघं चपापले. त्या काळच्या मानानेही तो कमी होता. काकी फक्त म्हणाल्या, "तवा कोनी सांगनारं नव्हतं, भाऊजी."

आणखी एक ठरलं, हे महत्त्वाचं. रानात एकट्याने जायचं नाही, पहाटे तर अजिबातच नाही. पेंचचं जंगल लागून आहे, वाघ आता बांधापर्यंत येतो. मोह सुरू झाला की बायका अंधारात निघतात आणि वाकून वेचतात, तेव्हाच सगळ्यात जास्त धोका. यंदा टोल्यावरच्या बायकांसोबत आळीपाळीने आमच्यातले दोघं जातील, हातात काठी-डबा घेऊन, आणि उजाडल्याशिवाय निघायचं नाही. माझी पाळी शनिवारची.

उद्या ऑफिसातून येताना दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही घ्यायची. त्या जोडप्याला सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते बघायला सांगायचं; नसेल तर तलाठ्याकडे अर्ज आत्ताच, विकायच्या वर्षी नाही. पुढच्या रविवारी गुरुजींच्या बनात बांबूतोड. कोवळे या पावसातले सोडायचे, जुने काढायचे, आणि काप गाठीला लागून वर घ्यायचा म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. कोयत्यांना धार मी लावून नेणार आहे.