रनटाइम एरर २००

सकाळी साडेनऊला लॅबमधून फोन आला. "सर, टेन्साइलचा कॉम्प्युटर गेला. हार्ड डिस्क उडालीय बहुतेक."

धातूची पट्टी दोन्ही टोकांना पकडून तुटेपर्यंत ताणायची आणि ती किती बळाला तुटली ते मोजायचं, हे त्या यंत्राचं काम. सांगाडा अजून ठणठणीत आहे. त्याचे आकडे वाचतो तो एक ४८६, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरचा कॉम्प्युटर, एमएस-डॉस ६.२२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा. ही आवृत्ती १९९४ची, मायक्रोसॉफ्टने सुटी विकलेली शेवटची डॉस. यंत्राची केबल ज्या कार्डात शिरते ते आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटमध्ये बसणारं, आणि आजच्या साध्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. "नवीन कॉम्प्युटर घेऊन टाका" असं कुणीही सहज म्हणतं. पण कॉम्प्युटरमागोमाग कार्ड बदलायचं, कार्डामागोमाग प्रोग्राम, आणि शेवटी यंत्राचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स.

उपकरणांची देखभाल ही माझी नोकरी, आणि जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम चालत्या ठेवणं हा नोकरीनंतरचा नाद. आम्ही पाच-सहा जण आहोत, बहुतेक साठी ओलांडलेले. एकाकडे ओएस/२ वॉर्प ४ रोज सुरू होते. दुसऱ्याच्या स्कॅनरला विंडोज ९८च लागते. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट जुलै २००६ मध्ये थांबवला, पण स्कॅनर अजून चालतोय. सगळ्यांत जाणते अण्णा, वय एकाहत्तर. डॉसवर प्रोग्राम लिहिण्यातच त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली.

मी पोचलो तेव्हा आमच्या तरुण इंजिनिअर मुलीने अर्धं काम केलेलं होतं. ४८६ सुरू करताच स्क्रीनवर सीमॉसची (बॅटरीवर सेटिंग जपणाऱ्या स्मृतीची) आणि कीबोर्डची तक्रार येत होती आणि डिस्क सापडत नव्हती. तिने डिस्क काढून स्टोअरमधल्या एका पेंटियम ३ ला, म्हणजे ४८६पेक्षा कितीतरी वेगवान मशीनला लावली, यंत्राचं कार्डही त्यातच बसवलं. या पिढीच्या काही बोर्डांवर एखादा आयएसए स्लॉट असतो, तसा यावर होता. तिथे डिस्क नीट चालू झाली, सी प्रॉम्प्ट आला. प्रोग्राम मात्र सुरू होताच पडत होता.

"फाइल करप्ट झालीय सर, बघा." स्क्रीनवर एकच ओळ होती: रनटाइम एरर २००.

ती ओळ बघून मला हायसं वाटलं. "फाइल धडधाकट आहे गं. मशीन जास्त वेगवान आहे, एवढंच."

प्रोग्राम टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. 'इतके मिलिसेकंद थांब' असं सांगायची सोय त्याच्या सीआरटी नावाच्या तयार भागात असते. त्यासाठी प्रोग्राम सुरू होतानाच घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, एक छोटा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारी तीच सूचना, किती वेळा फिरतो ते मोजून त्याला ५५ने भागलं जातं. उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर लूप इतका फिरतो की उत्तर त्या जागेत मावत नाही. प्रोसेसर भागाकार फसल्याचं कळवतो, आणि पास्कल त्याला शून्याने भागल्याची चूक समजतं. शून्य कुठेच नसतं.

यावर पॅच, म्हणजे प्रोग्राममधला तेवढाच भाग सुधारणारं ठिगळ आहे, आमच्यातल्या प्रत्येकाकडे असतो. तरी मी अण्णांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कार्डाचं मॅन्युअल आहे का? त्यातला नमुना प्रोग्राम वाचून दाखव."

मॅन्युअल यंत्राच्या खणातच होतं. मुलगी वाचायला लागली: चॅनेल (कोणतं माप घ्यायचं तो) निवडा, कन्व्हर्जन (यंत्राकडून आलेल्या संकेताचा आकडा करणं) सुरू करा, एक ते पाचशे रिकामा फॉर लूप, म्हणजे काहीही न करता पाचशे फेऱ्या, आकडा वाचा.

"थांब," अण्णा म्हणाले. "त्या रिकाम्या लूपमध्ये जीव आहे सगळा. आपला प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही हाच तुकडा उचलला असेल. आधी डिस्कची प्रत काढा. मग त्या प्रतीवर पॅच लावा आणि काय होतं ते मला सांगा. मूळ डिस्कला कुणी हात लावू नका."

प्रत काढायला खरा आयडीई पोर्ट, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची जोडणी, असलेलं मशीन घेतलं. यूएसबीचे अडॅप्टर इतक्या जुन्या डिस्कशी बऱ्याचदा बोलतच नाहीत. लिनक्स चढवून डीडीरेस्क्यू हा प्रत काढणारा प्रोग्राम लावला. तो आधी सहज वाचता येणारा भाग घेतो आणि अडलेल्या सेक्टरकडे नंतर वळतो. ४२५ एमबी सगळेच्या सगळे उतरले. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं.

मग ती प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून पेंटियम ३ ला लावली आणि तिच्यावर पॅच चालवला. प्रोग्राम उघडला, नेहमीची निळी चौकट, वर बळ, खाली लांबी. मुलगी खूश. यंत्रात पट्टी लावून मी थोडा ताण दिला. बळाच्या जागी आकडा आला. ताण तसाच ठेवून जबडा किंचित हलवला, तर बळाचा आकडा लांबीबरोबर सरकायला लागला. तिने दोनदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, हा लांबीचाच आकडा बळाच्या खान्यात येतोय."

४८६वर त्या पाचशे फेऱ्यांना जो वेळ लागायचा, तेवढ्यात कार्डाचं कन्व्हर्जन पुरं व्हायचं. इथे त्या फेऱ्या काही मायक्रोसेकंदांतच संपत होत्या, आणि प्रोग्राम आधीच्या चॅनेलचा शिळा आकडा उचलत होता. एरर नाही, बीप नाही. पट्टीचा अहवाल छापून सही होऊन गेला असता. म्हणून मला जुनी सिस्टिम हा उपकरणाचाच भाग वाटतो, तराजूतल्या काट्यासारखा. आमच्या नादाला लोक आठवणींचा सोस म्हणतात, ते मला पटत नाही.

"लूप वाढवून नवीन प्रोग्राम करता येईल ना?" तिने फोनवर अण्णांना विचारलं.

"येईल की, आणि तू करच. पण त्याचे आकडे ताडून कशाशी बघशील? आधी जुनं उभं करा."

दुपार सगळी ४८६च्या बोर्डवर गेली. खरा आजार तिथेच होता. तिथली निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी फुटून अल्कली बाहेर आली होती, भोवतीचं तांबं हिरवंगार. बॅटरी कापून काढली. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावलं की अल्कली फसफसून मरते. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हिरवं निघाल्यावर भिंगाखाली कीबोर्ड कंट्रोलरकडे जाणारी एक रेघ तुटलेली दिसली, केसाएवढी. तिच्यावर पातळ तार मी डाग देऊन बसवली, मुलीने मल्टिमीटर धरला. तिसऱ्या प्रयत्नाला बीप आला. बोर्डवर बाहेरच्या बॅटरीसाठी पिना असतात, तिथे पेन्सिल सेलचा डबा लांब वायरने जोडला. पुन्हा गळती झालीच तर बोर्डपासून दूर होईल.

कार्ड परत जागेवर आलं, कीबोर्ड बोलायला लागला. तारीख १९८० दाखवत होती. डिस्क अजूनही दिसत नव्हती, कारण या बायोसला, म्हणजे बोर्डवरच्या कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, ती आपोआप ओळखता येत नाही. बॅटरीबरोबर त्याची स्मृतीही गेली होती. डिस्कवरच्या पिवळ्या लेबलवर तीन आकडे होते. सेटअपमध्ये टाइप ४७, म्हणजे आकडे स्वतः भरायचा प्रकार, निवडून तिने ते भरले: सिलिंडर ९८९, हेड १५, सेक्टर ५६. सेव्ह केलं. रॅम मोजताना होते ती टिकटिक, डिस्कची घरघर, आणि 'स्टार्टिंग एमएस-डॉस'.

फोन चालूच होता. "आवाज आला," अण्णा म्हणाले.

कॅलिब्रेशनचा लोड सेल, म्हणजे बळ मोजणारा प्रमाणित सेन्सर, लावून पाच टप्प्यांवर बळ तपासलं. पाचही आकडे गेल्या दाखल्याच्या मर्यादेत बसले. अंधार पडल्यावर बाकीच्या फायली एका २५६ एमबीच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर उतरवायला घेतल्या. ही कार्डं आयडीईचीच भाषा बोलतात, साध्या अडॅप्टरवर डॉसला डिस्कच वाटतात.

कॅबिनेट बंद करायच्या आधी मुलीने मार्कर मागितला. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने ९८९, १५, ५६ लिहिलं. त्याखाली: 'रिकाम्या लूपला हात लावू नये.' मग माझा नंबर विचारून लिहिला, तो खोडला, आणि स्वतःचा लिहिला.