‘रा’वर उभं इंदूर

मराठी पेपरातल्या शब्दकोड्यांबद्दल माझी एकच तक्रार आहे: त्यातल्या शब्दांची एकमेकांशी ओळख नसते. आडव्यात गाढव, उभ्यात ढग. दोघांचा संबंध काय, तर मधला ‘ढ’. खाली हाताला कर, कमळाला पंकज, ढगाला पुन्हा एकदा जलद, आणि कोपऱ्यात ‘सदन’ कायमचं ठाण मांडून बसलेलं. सोडवून झालं की पेपर रद्दीत. सगळं सोडवलं, पण कोडं कशाबद्दल होतं, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

आमच्या इंदुरात सकाळी दारात पडतो तो हिंदी पेपर, आणि त्यात असते ‘वर्ग पहेली’. बाएँ से दाएँ, ऊपर से नीचे. मराठी कोडं पुण्याहून येतं. आत्या रोज सकाळी पेपरातल्या चौकटीचा फोटो फोनवर पाठवते. बऱ्याचदा दोन-तीन घरं तिने आधीच भरलेली असतात आणि त्यातलं एखादं चुकलेलं असतं. तिला ते सांगायचं नाही, हा आमच्या घरातला शिष्टाचार. यांना या सगळ्यात रस नाही, पण पोह्यांची बशी पुढे आली की सहज विचारल्यासारखं ‘आज काय अडलंय?’ एवढं विचारतात.

थीम असलेल्या कोड्यांची चटक मला फोनवरच्या इंग्रजी कोड्यांनी लावली. आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं, ते शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. दहा-अकरा वर्षांत त्याचं वेड इतकं पसरलं, की ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२४ मध्ये या छंदाला वेळेची पापी उधळपट्टी ठरवून टाकलं. त्याच टाइम्सने १९४२ मध्ये स्वतःचं कोडं सुरू केलं आणि आज अर्धं जग ते मानदंड धरतं. (नाकं मुरडणारे शेवटी पंगतीला येतात, हे लग्नकार्यात आपण बघतोच.) सोमवार ते गुरुवार आणि रविवार तिथे थीम असते. शुक्रवार-शनिवारी नसते, ते दिवस नुसते शब्द खोदायचे.

थीम म्हणजे काय, ते मराठीतच सांगते. समजा तीन उत्तरं आली: महाबळेश्वरच्या अलीकडचं थंड हवेचं गाव, पाचगणी. चंदन उगाळायची, ती सहाण. उचकी लागली की कुणाला तरी आपली येत असते म्हणतात, ती आठवण. तिघांचं गोत्र वेगळं. मग खाली एक सूचना येते, ‘लहान मुलांचं पहिलं पुस्तक, वरच्या तिघांची सुरुवात बघा’. उत्तर अंकलिपी. पाच, सहा, आठ! आता वर जाऊन बघितलं की तेच शब्द निराळे दिसू लागतात. अशा कोड्यात कोडेकाराने आपल्यासाठी काहीतरी लपवून ठेवलेलं असतं, आणि ते सापडल्याचा आनंद शब्द भरण्याच्या आनंदाहून फार मोठा असतो. ‘सदन’ भरून असं काही होत नाही.

मग मराठीत अशी कोडी सहसा का दिसत नाहीत? कोडेकार आळशी आहेत, असं मी बरीच वर्षं मनात धरून होते. स्वतः करायला बसले तेव्हा कारण कळलं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस. पंधरा बाय पंधराच्या चौकटीत प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसवायचं, तरी ते जमतं, कारण निवड सव्वीसातूनच करायची असते. आपल्याकडे एका घरात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर घरंदाज अक्षरं, आणि जोडाक्षरांचा गोतावळा वेगळाच. सातारा अंकलिपीत का नाही घेतला? कारण घरात ‘सा’ आणि मग ‘ता’ येतो. ‘सात’ मोकळा सापडतच नाही. उभ्याला ‘ता’ हवा असेल तर ‘त’ चालत नाही, ‘ती’ चालत नाही. म्हणून मराठी कोडेकार बिनमात्रांच्या अक्षरांकडे धावतो: कमल, पवन, नगर, वतन, जतन. हे शब्द कुठेही, कशालाही जोडता येतात. आपली कोडी जुन्या कवितेसारखी का वाटतात याचं उत्तर या बिनमात्रांत आहे. ‘सदन’चा माझा राग तिथे जरा निवळला.

निमित्त होतं कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं. स्पर्धांच्या यादीत दरवर्षी रांगोळी, पाककला, अंताक्षरी. मी उगाच म्हणून बसले, की या वर्षी इंदूरवर शब्दकोडं करू. आणि रात्री वही घेऊन नावं लिहायला लागले. राजवाडा. सराफा. खजराना. गराडू. जिरावन. मल्हारराव. तुकोजीराव. यशवंतराव. यादी वरून खाली वाचली आणि हसू आलं: प्रत्येकात ‘रा’ आहे! सातमजली राजवाड्यापासून हिवाळ्यात तळल्या जाणाऱ्या गराडूच्या कंदापर्यंत सगळं इंदूर एका ‘रा’ला टांगलेलं. एवढी वर्षं या शहरात राहते, पण हे चौकटी आखेपर्यंत दिसलं नव्हतं. होळकरांना याचं श्रेय द्यायला हवं. नावापुढे राव लावून त्यांनी कोडेकारांची सोय करून ठेवली.

‘रा’ने मला अर्धी चौकट मिळवून दिली. राजवाडा आडवा, त्याच्या ‘रा’तून सराफा उभा. अहिल्याबाई मात्र अवघड. ‘हि’ने मी सुरुवात करायलाच नको होती. पण ‘ल्या’साठी कल्याण सापडलं, आणि ते नुसतं मंगल नाही, आमची कल्याण मिलसुद्धा आहे, जी बंद पडली तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमध्ये, म्हणजे चित्ररथांमध्ये, तिचं नाव फिरतं. शेवटच्या ‘ई’तून मिठाई काढली, सराफ्याशेजारी ती हवीच. ‘बा’तून लालबाग जाईल असं वाटलं होतं, पण कल्याणच्या ‘ण’शेजारी लालबागचा ‘ग’ येऊन बसला. ‘णग’ असा शब्द मराठीत नाही, माळव्यातही नाही. तुकोजीरावांचा एवढा थोरला राजवाडा एका ‘ण’पायी बाहेर राहिला.

एका कोपऱ्याचा मात्र मला अजून अभिमान आहे. मल्हारराव आडवे, त्यांच्या वरच्या ओळीत, एक घर सोडून, जिरावन. खाली उतरत गेलं की जिल्हा, करार, वरात आणि नव. पोह्यांवर भुरभुरायचा मसाला थेट सुभेदारांच्या डोक्यावर बसला आणि एकही अक्षर कुरकुरलं नाही. त्या रात्री मी यांना उठवून दाखवलं. ‘छान,’ म्हणाले आणि कूस बदलली.

हाव वाढते. न्यूयॉर्क टाइम्सच्या ५ नोव्हेंबर १९९६ च्या कोड्याबद्दल मी वाचलं होतं. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या मतदानाचा दिवस, आणि सूचना अशी, की उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी कोणती. उत्तर क्लिंटन निवडून आले असंही बसत होतं आणि बॉब डोल आले असंही, कारण दोन्ही नावांची अक्षरं सातच. उभ्या सूचनाही दुहेरी होत्या. एकीत काळं मांजरही बसे आणि वटवाघूळही. जेरेमाया फॅरेल यांचं ते कोडं. संपादकाने निकाल आधीच कसा ठरवला, म्हणून लोक रागावले. आपण भरलं त्याखेरीज दुसरं उत्तर असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

असंच इंदूरचं करू, म्हटलं. ‘पाहुण्याला रात्री खायला कुठे न्याल?’ उत्तर सराफा, नाहीतर छप्पन. दोन्ही तीन अक्षरी! दागिन्यांची दुकानं मिटल्यावर पेटणारा सराफा, की खाण्याच्या दुकानांची ती ओळ, छप्पन दुकानं. यावर इथे सख्खे भाऊ भांडतात, म्हणजे निवडणुकीहून कमी काही नाही. पण प्रत्येक उभा शब्द दोन्हींशी जुळायला हवा. ‘स’ आणि ‘छ’ इथे सल आणि छळ घेता येईल का, एवढा विचार झाला; तिथेही ल-ळ आडवे आले. पुढे ‘रा’च्या जागी ‘प्प’. मराठीत ‘प्प’ने संपणारे शब्द आठवून बघा. ठप्प. गप्प. मी दोन्ही झाले.

साधं कोडंच मंडळात लावलं. लोकांनी भरलं, मुलांनी फोनवर शोधून भरलं, पुण्याहून आत्याने फोटोवरून भरलं. भांडण झालं ते माझ्या लाडक्या कोपऱ्यात. समोरच्या काकांचं म्हणणं, जिरावन चूक. पाकिटावर दीर्घ ‘जी’ असते, आणि ते जन्मापासून तेच पाकीट वाचत आलेत. मी म्हटलं, काका, मराठीत जिरं ऱ्हस्व आहे, आणि दीर्घ केलं तर खाली जिल्ह्याचं काय करू? तोपर्यंत काकूंनी प्रसादाची वाटी हातात दिली होती. काका वाटीतली खिरापत तोंडात टाकत म्हणाले, “जिल्हा तू सांभाळ. जीरावन माझं दीर्घच राहील.” आणि त्यांनी पेनाने वेलांटी फिरवून टाकली.