काब द रामचा सडा: अखेर पिशवी दिसली!

काल रात्री पावणेबाराला सीतेच्या आसवांची (किडे पकडणारी निळ्या-जांभळ्या फुलांची छोटी वनस्पती) किडे पकडायची पिशवी पाण्याने भरलेली, बुडबुड्याशिवाय, आरपार दिसली. मागच्या तीन नोंदींत नुसते काळे चकाकते गोळे दाखवले होते, म्हणून हे सगळ्यात आधी.

चवथीच्या गडबडीत दोन आठवडे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जाणं झालं नव्हतं. रविवारी मडगावहून पहाटे निघालो. खोलगडाच्या, म्हणजे काब द रामच्या किल्ल्याच्या, अलीकडे जांभ्यावर जेमतेम दोन बोटं माती, आणि त्या मातीवर सगळीकडे निळंजांभळं. राम-सीता वनवासात इथे राहिले असं गावात सांगतात. त्याच टोकावर ही फुलं सीतेची आसवं म्हणून ओळखायची, हे मला दर वर्षी नव्याने भावतं. दवबिंदूही (पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारी दुसरी वनस्पती) भरपूर. वारा मात्र असा, की स्टॅकिंगच्या (थोडा थोडा फोकस सरकवून काढलेले फोटो एकत्र जोडायचे) चाळीस फ्रेम्स वाया गेल्या. छत्रीच्या आडोशाने काही होत नाही.

आता पिशवीचं. ही वनस्पती पिशवीतलं पाणी बाहेर टाकत राहते, भिंती आत ओढल्या जातात. दारावरच्या केसांना किडा लागला की दार उघडतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात पाण्यासकट तो आत. या पिशव्या मातीतल्या मुळांसारख्या धाग्यांवर असतात. मी ते धागे चिमट्याने उचलून काचेवर ठेवायचो. उचलताना पिशव्यांची दारं उघडायची आणि पाण्याऐवजी हवा ओढायच्या! काळे गोळे म्हणजे ती हवा. महिनाभर मी लाइटला दोष देत होतो. (ऑनलाइन घेतलेला रिंगलाइट तिसऱ्या दिवशी बंद पडला हे खरं, पण इथे त्याचा दोष नव्हता.)

या वेळी गुराच्या खुराने सुटलेलं ढेकूळ डबीत पावसाच्या पाण्यात बुडवूनच आणलं. पांढऱ्या बशीत, पाण्याखालीच, रंगकामाच्या शून्य नंबर ब्रशने माती सोडवली. दोन तास लागले. धागा हवेत एकदाही आला नाही. मोहरीपेक्षा लहान पिशवी, काचेसारखी, आणि आत एक काळसर ठिपका. शिकार असावी. फोल्डस्कोपची (घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक) १४० पट याला पुरते, महागड्या लेन्सच्या मागे लागू नका.

पुढच्या खेपेला दवबिंदू करणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, ढेकूळ घरी आणायचंच कशाला? जांभ्याच्या खळग्यात पाणी आहे तोवर बशी तिथेच मांडावी आणि ढेकूळ जागच्या जागी परत ठेवावं. पाऊस ओसरला की सडा झपाट्याने वाळतो, म्हणून दवबिंदू थांबतील. कालचं ढेकूळ डबीत ओलं ठेवलंय, रविवारी तेही परत जाईल.