भायखळ्याला एकदा नुसतं स्टेशन बघायला उतरा

डोंबिवली-सीएसएमटी अप-डाऊन करून अकरा वर्षं झाली, भायखळ्याला उतरलो असेन ते फक्त पोराला राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवायला, स्टेशनकडे तेव्हाही ढुंकून पाहिलं नाही. मध्यंतरी रजा होती म्हणून भाऊ दाजी लाड म्युझियमला गेलो तर नेमका बुधवार, म्युझियम बंद आणि शेजारची राणीची बागपण बंद. वार बघून जा बाबांनो.

हात हलवत स्टेशनात परत आलो आणि तासभर तिथेच रमलो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्या लायनीवरचं हे स्टेशन, सुरुवातीला लाकडी होतं, आत्ताची दगडी बिल्डिंग १८५७ ची. म्हणजे सीएसएमटीच्या इमारतीची ही ताईच, तीसेक वर्षांनी मोठी! त्याआधी १८५२ मध्ये लायनीच्या कामासाठी फॉकलंड नावाचं इंजिन इथे आणलेलं, ते बघायला म्हणे जत्रा लोटायची.

मधे इतकी वर्षं त्या दगडावर ऑइलपेंटचे थर चढवलेले, ते खरवडून काढले, २०२२ मध्ये काम पूर्ण झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचं वारसा जतनासाठीचं आशिया-पॅसिफिक अवॉर्ड मिळालं. भिंतीला हात लावून बघा, बाहेर ऊन रणरणत होतं तरी दगड गार. एक काका कमानीखाली टेकून वडापाव खात होते, मी वर मान करून छत बघतोय म्हटल्यावर त्यांनीही वर पाहिलं, म्हणाले "काय पडतंय का?"

जायचं असेल तर ११ नंतर जा, सकाळच्या गर्दीत उतरलात तर बघणं सोडा, उभंपण राहता येणार नाही. जुनी बिल्डिंग एक नंबर फलाटाच्या बाजूला आहे, तिथून बाहेर पडलं की खडा पारशीचा पुतळा जवळच, आणि म्युझियम-बाग मात्र पूर्वेला, त्यासाठी पूल ओलांडून चालत दहा मिनिटं.

रविवारी मी परत गेलो. म्युझियमच्या आवारात दगडी हत्ती आहे तो चुकवू नका, घारापुरीला एलिफंटा नाव ज्याच्यामुळे पडलं तोच हा, इंग्रज विलायतेला न्यायला निघाले तर उचलतानाच तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. नीट बघितलं तर सांधे दिसतात. बागेत रविवारी मरणाची गर्दी असते, पेंग्विन बघायचे तर मधला वार पकडा, बुधवार सोडून!