दोनशे चौदा कोटींच्या पलीकडे

२१४७४८३६४७. आम्हा डेटाबेसवाल्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. टेबलातल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक, म्हणजे आयडी, ३२ बिटांचा (० किंवा १ च्या ३२ घरांचा) साधा इंटिजर, म्हणजे पूर्णांक, ठेवला, की इथवर येऊन गाडी थांबते. पुढची नोंद आत जातच नाही. एका क्लायंटकडे ऐन मार्चएंडला हे झालं, तेव्हा लॉगमध्ये हा आकडा बघून पोटात गोळाच आला होता. ती मूळ संख्या आहे हे नंतर कळलं, आणि माझा राग जरा निवळला.

२ चा ३१वा घात, वजा १. एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो म्हणून ३१. ती मूळ निघावी हा निव्वळ योगायोग. ८ बिटांची मर्यादा १२७, तीही मूळ. १६ बिटांची ३२७६७ मात्र ७ × ३१ × १५१ अशी फुटते, आणि ६४ बिटांच्या मर्यादेला तर ७ ने सरळ भाग जातो.

२१४७४८३६४७ मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला असताना दाखवलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. एरवी वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या भरतात जवळपास ४८००. पण हिला मूळ विभाजक असलाच, तर त्यातून १ वजा केल्यावर ६२ ने, म्हणजे ३१ च्या दुपटीने, भाग गेलाच पाहिजे, शिवाय त्या विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. (खात्री हवी तर २०४७ घ्या, म्हणजे २ चा ११वा घात वजा १. तिचे विभाजक २३ आणि ८९. दोन्हींतून १ काढा, २२ ने, म्हणजे ११ च्या दुपटीने, भाग जातो.) दोन्ही अटी एकत्र केल्या की उरतात फक्त २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणारे आकडे, आणि त्यातल्या ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या मोजून शंभरही भरत नाहीत.

मी वीजबिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने सुरुवात केली. २४९ ला ३ ने भाग जातो, बाद. ३११ मूळ: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. मग ४९७, ५५९, ७४५ असे बाद होत होत थेट १३०३: बाकी २२६. इथे मी पेन्सिल ठेवली. ऑयलर थांबला नाही, एवढाच काय तो फरक!

इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहून ठेवलं, की या संख्येतून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा (परिपूर्ण म्हणजे जिच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते, जशी ६ = १ + २ + ३) मोठी कुणी शोधणार नाही, कारण असल्या संख्यांचा उपयोग शून्य. आता ल्यूक ड्युरांटने २०२४ मध्ये शोधलेल्या, २ चा घात वजा १ याच घडणीच्या मूळ संख्येतच चार कोटींहून जास्त अंक आहेत, आणि तिच्यातूनही तशीच परिपूर्ण संख्या बनते.

आणि उपयोग म्हणाल, तर १६८०७ ने गुणत जायचं आणि दरवेळी २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची, हा यादृच्छिक (रँडम) आकडे काढायचा जुना, सोपा नुस्खा. १६८०७ म्हणजे ७ चा ५वा घात. संख्या मूळ आहे आणि गुणक नीट निवडलाय, म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन जातो, मगच फेरा पुन्हा सुरू होतो. गुणक बदलून बघायची हौस असेल तर आधी २१४७४८३६४७ च्या जागी १२७ घेऊन बघा, ते संध्याकाळच्या चहाच्या वेळात उरकतं.