गाडी नऊची, पण कुठल्या घड्याळातली?

‘एकोणिसाव्या शतकातली रहस्यकथा लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न वरचेवर येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: साल ठरवण्यापासून. पगडी, पालखी, समई मागाहून.

कारण ‘एकोणिसावं शतक’ नावाच्या काळात कोणीच राहिलेलं नाही. 1852 ची मुंबई आणि 1882 ची मुंबई ही दोन निराळी गावं आहेत. पहिलीत आगगाडी नाही, दंडसंहिता नाही, हायकोर्ट नाही. दुसरीत मोठ्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आहेत, घोड्यांची ट्राम आहे आणि पाव आण्याचं पोस्टकार्ड आहे. हे पोस्टकार्ड 1879 मध्ये आलं. वाड्यात कोणीही उचलून वाचू शकेल असा उघडा मजकूर त्याच्या आधी कथेत आणायचा, तर पत्र फोडावं लागतं आणि फोडलेलं पत्र लपत नाही. एका सालाच्या फरकाने कथानक बदलतं ते असं.

साल ठरलं की घड्याळ. इथे बहुतेक लेखक हातातलं सोनं टाकून देतात. 1880 च्या आसपास रेल्वे मद्रास वेळेवर चाले आणि मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेवर. मद्रास तीस मिनिटं पुढे. म्हणजे वेळापत्रकातली नऊची गाडी शहराच्या घड्याळात साडेआठलाच सुटलेली असते. आता एक साक्षीदार आणा, जो शपथेवर सांगतो की आरोपीला पावणेनऊला काळबादेवीत पाहिलं आणि मग तो नऊच्या गाडीने गेला. ऐकायला सरळ, पण तो ज्या घड्याळाचं बोलतोय त्यानुसार गाडी पंधरा मिनिटांपूर्वीच गेली आहे. 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांवरही मद्रास वेळ लादली आणि लोकांच्या विरोधामुळे 1883 मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्या मधल्या काळात कचेरीत एक वाजला की बाजारात साडेबारा. शिवाय गावाकडचा साक्षीदार घटकांत बोलणार. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, आणि ‘पाच घटका रात्र’ मोजायची सूर्यास्तापासून, म्हणजे पौषात वेगळी आणि ज्येष्ठात वेगळी. तिथीही बघा. अमावस्येच्या रात्री गल्लीच्या टोकाचा चेहरा कोणालाही ओळखू येत नाही.

आता विष. सोमल, म्हणजे आर्सेनिक, हा सगळ्यांचा आवडता, आणि ते योग्यच आहे. उंदरांसाठी घरात असायचा आणि लक्षणं पटकीसारखी (कॉलऱ्यासारखी): उलट्या, जुलाब, पेटके. साथीच्या दिवसांत कोणाला शंकाही येणार नाही. सोमल ओळखणारी मार्शची चाचणी 1836 पासून होती. नमुना, जस्त आणि सौम्य गंधकाम्ल एकत्र केलं की वायू निघतो. तो तापलेल्या काचनळीतून सोडला की पुढच्या थंड भागात काळा चकचकीत थर बसतो. पण गडबड होते ती इथे. जस्तातच थोडा सोमल असेल, तर निष्पाप नमुन्यातूनही थर उमटतो. म्हणून आधी नमुना न घालता कोरी चाचणी करून पाहावी लागते. अँटिमनी हे मूलद्रव्यही जवळजवळ तसाच थर देतं, आणि अँटिमनीचा क्षार त्या काळी डॉक्टर उलटी करवायला देत असत. बचावाच्या वकिलाला याहून काय हवं? हायपोक्लोराइटच्या द्रावणात सोमलाचा थर विरघळतो, अँटिमनीचा तसाच राहतो. उलटतपासणीचं एक अख्खं प्रकरण एवढ्यावर उभं राहतं.

खरी अडचण निराळीच असते: हिंदू घरात प्रेत काही तासांत चितेवर जातं. तपासायचं काय? म्हणून तस्त, पेला, तळाचा गाळ यांतलं काहीतरी उरवावं लागतं. 1874 मध्ये बडोद्याच्या रेसिडेन्सीत ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी चव बिघडलेलं पपनसाचं सरबत ओतून टाकलं आणि पेल्यात उरलेला गाळ बघितला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावरचा विषप्रयोगाचा खटला त्या गाळावर उभा राहिला. सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रज एका बाजूला, तीन भारतीय सभासद दुसऱ्या. शेवटी सरकारने गैरकारभाराचं कारण पुढे करून महाराजांना पदच्युत केलं. इतका खुला शेवट काल्पनिक कथेत लिहायला धैर्य लागतं.

रक्ताच्या डागावर भिस्त ठेवू नका. रक्त माणसाचं की बकऱ्याचं, हे खात्रीने सांगणारी चाचणी 1901 ची. बोटांचे ठसेही नकोत. कलकत्त्याची ठसे-कचेरी 1897 ची आहे.

आणि शेवटच्या प्रकरणात फौजदारासमोर गुन्हेगार ढसाढसा रडत कबुली देतो, ते काढून टाका. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 प्रमाणे पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नसे. कलम 27 मात्र कामाचं: त्याने सांगितल्यावरून विहिरीतून दागिने निघाले, तर तेवढं सांगणं ग्राह्य. त्यामुळे शेवट दिवाणखान्यात न होता विहिरीच्या काठावर होतो, आणि तो जास्त चांगला दिसतो.

भाषेबद्दल एकच सांगतो. 1875 च्या अर्जावर ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ लिहू नका; हे शब्द पुढच्या शतकात सावरकरांनी रूढ केले. त्या काळी ‘तारीख’ आणि ‘नंबर’. शंका आली तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती उघडा. तिथे सापडलेला शब्द बिनधास्त वापरा. न सापडलेल्यावर मात्र आणखी एक पुरावा शोधा. खाजगी चिठ्ठी असेल तर ती बहुधा मोडी लिपीत असणार, आणि मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही सुटे तोडत नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात. ‘ध’चा ‘मा’ करायला आनंदीबाईच लागते असं नाही. घाईत वाचणारा कारकूनही पुरतो.